व्होल्टेज आणि करंट मोजून रोध व वॉट काढण्याची रीत : पाणी तापवण्याच्या रॉडपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत

गेल्या थंडीत आमच्या घरी पाणी तापवण्याचा रॉड एका एक्स्टेन्शन बोर्डावर चालत असे. बादली तापल्यावर बटण बंद करून बोर्डाचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमधून उपसला की त्याच्या पिना हाताला चटका देत, आणि महिनाभरात सॉकेटच्या भोकांभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले. ओळखीच्या वायरमनचे म्हणणे असे की रॉड जास्त करंट ओढतो आहे, तो बदला. दुकानदाराने बोर्ड बदलायला सांगितले. शेजाऱ्यांनी दोष डीपीवर, म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर ढकलला. त्यांच्या मते तिकडूनच व्होल्टेज जास्त येत होते. तिघांच्याही म्हणण्याची परीक्षा व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे मोजून पंधरा मिनिटांत होऊ शकते, आणि ती कशी करायची हे या लेखात सांगितले आहे. यातला गुणाकार-भागाकार शाळकरी मुलालाही येतो. चूक होते ती व्होल्टेज नेमके कोणत्या दोन टोकांमध्ये मोजले आणि करंट वाहत असताना मोजले की नसताना, या दोन ठिकाणी.

सूत्रे दोन, आणि त्यांतून निघणारी आणखी दोन

शालेय पुस्तकातले शब्द विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युतशक्ती असे आहेत. कामावर मात्र व्होल्टेज, करंट आणि वॉट हेच शब्द चालतात, म्हणून येथेही तेच वापरले आहेत. पहिले सूत्र असे:

रोध (ओहममध्ये) = व्होल्टेज ÷ करंट (अँपिअरमध्ये)

दुसरे असे:

शक्ती (वॉटमध्ये) = व्होल्टेज × करंट

ही दोन एकमेकांत घातली की उरलेली दोन मिळतात. वॉट = करंट × करंट × रोध, आणि वॉट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध. चारही सूत्रे एकच गोष्ट सांगतात, तरी त्यांतले कोणते केव्हा वापरावे यात लोकांचा गोंधळ होतो. एक उदाहरण घ्या. एखाद्या वायरीचा रोध ०.४ ओहम आहे आणि ती २३० व्होल्टच्या घरात आहे, म्हणून कोणी २३० × २३० ÷ ०.४ असे मांडले तर उत्तर १,३२,२५० वॉट येते, म्हणजे एवढ्याशा वायरीत शेकडो घरांचे पंखे आणि दिवे चालतील इतकी शक्ती. सूत्र बरोबर आहे, चुकले आहे ते व्होल्टेज. २३० व्होल्ट हे फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले आहे. वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे व्होल्टेज दोन-तीनच व्होल्ट असते. सूत्रात ज्या वस्तूचा रोध घालायचा, त्याच वस्तूच्या दोन टोकांमधले व्होल्टेज घालायचे, हा नियम एकदा अंगवळणी पडला की निम्म्या चुका संपतात. वायर, सांधा, प्लग यांच्या बाबतीत त्यांच्या टोकांमधले व्होल्टेज मोजणे अवघड जाते, पण त्यांच्यातून जाणारा करंट सहज कळतो. म्हणून तेथे करंटच्या वर्गाचे सूत्र सोयीचे.

एककांबद्दल एवढेच, की मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर आकड्याला १००० ने भागून अँपिअर करावेत आणि मगच सूत्रात घालावेत.

हत्यारे, आणि त्यांच्या खोड्या

बाजारात सर्वात स्वस्त मिळणारा पिवळा डिजिटल मल्टिमीटर व्होल्टेज मोजण्यासाठी चालतो, परंतु त्यापैकी बहुतेकांत करंट मोजण्याची सोय केवळ डीसीची असते, हे विकत घेणाऱ्याला घरी आल्यावर कळते. घरातला पुरवठा एसी असल्याने त्या मीटरवर रॉडचा करंट मोजता येत नाही. शिवाय त्याच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. लाल वायर त्या भोकात राहिली आणि तशीच टोके सॉकेटमध्ये घातली, तर मीटर म्हणजे फेज आणि न्यूट्रल जोडणारी एक जाड तार होते आणि हातातच स्फोट होऊ शकतो. करंटचे मोजमाप संपले की लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालूनच मीटर खाली ठेवायचा, ही सवय मला एका जळालेल्या मीटरने लावली.

घरगुती एसी करंटसाठी टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा जबडा असलेला क्लॅम्प मीटर, हेच योग्य साधन आहे. त्यासाठी परिपथ तोडावा लागत नाही. त्याची खोडी एवढीच, की जबड्यात एकच वायर असली पाहिजे. संपूर्ण दोरी जबड्यात घेतली तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. यासाठी मी वीतभर लांबीची एक वेगळी जोडवायर बनवली आहे, जिच्या एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट असून मधल्या भागात वरचे आवरण काढून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तीन वायरी आपापल्या इन्सुलेशनसह सुट्या ठेवल्या आहेत. करंट फारच कमी असेल, उदाहरणार्थ एका दिव्याचा, तर ती एक वायर जबड्यातून दहा वेढे घालून न्यावी आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे.

घरच्या पुरवठ्यावर काम करताना घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) असावा, पायात कोरडी चप्पल असावी, मीटरच्या टोकांचे इन्सुलेशन अखंड असावे आणि मीटरवर ६०० व्होल्टच्या वर्गाची नोंद असावी. रॉड चालू असताना बादलीत हात घालून पाणी तपासू नये. यांपैकी एखादी गोष्ट जमणारी नसेल, तर पुढचा १२ व्होल्टचा भागच करून पाहावा. गणित तेच आहे.

आधी १२ व्होल्टवर हात बसवणे

मोटारसायकलची किंवा इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा साधा बल्ब घ्या. बॅटरीच्या धनाग्रापासून निघणारी वायर मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, मीटरच्या कॉमन भोकातून बल्बकडे, आणि बल्बपासून बॅटरीच्या ऋणाग्राकडे अशी साखळी करा. करंट या साखळीतूनच गेला पाहिजे, म्हणजे मीटर बल्बच्या मालिकेत. बॅटरीत करंट पुष्कळ असतो, म्हणून धनाग्रालगत ५ अँपिअरचा फ्यूज घालणे शहाणपणाचे. आकडा टिपून घ्या आणि दहा सेकंदांच्या आत साखळी सोडा. मग मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात घालून, बल्ब थेट बॅटरीला जोडून तो पेटलेला असताना त्याच्याच दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. दुसरा मीटर असेल तर दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतात आणि ते अधिक चांगले.

मला मिळालेले आकडे १२.३ व्होल्ट आणि १.७८ अँपिअर असे होते. १२.३ ÷ १.७८ = ६.९ ओहम; १२.३ × १.७८ = २१.९ वॉट. बल्बवर छापलेल्या २१ वॉटच्या जवळ, किंचित जास्त, कारण बॅटरी १२ च्या थोडी वर होती.

आता बल्ब सोडवून, गार झाल्यावर त्याच मीटरच्या ओहमच्या खुणेवर त्याचा रोध मोजा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा रोध पाहा. माझ्याकडे तो ०.३ आला. बल्बवर ०.९ आले, म्हणजे बल्बचा रोध ०.६ ओहम. मघाशी ६.९ निघाला आणि आता ०.६. पहिल्यांदा हे करणारा माणूस येथे मीटरवर संशय घेतो. मीटर ठीक आहे. टंगस्टनची तार दोन-अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे पेटलेल्या तारेचा रोध गार तारेच्या दहा-बारा पट होतो. याचा अर्थ असा, की बल्बवर छापलेल्या वॉटवरून काढलेला रोध आणि ओहममीटरने मोजलेला रोध या दोन वेगवेगळ्या अवस्थांतल्या गोष्टी आहेत. चालू स्थितीतले वॉट हवे असतील तर रोधही चालू स्थितीतलाच लागतो, आणि तो व्होल्टेज भागिले करंट एवढ्यानेच मिळतो. बटण दाबताक्षणीच बल्ब का जातो, याचेही उत्तर येथेच आहे: पहिल्या क्षणी तार गार असते आणि करंट कित्येक पट असतो.

रॉडची मोजणी

रॉडमधली तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. तापल्यावर तिचा रोध थोडाच वाढतो, त्यामुळे येथे गार आणि गरम मापे जवळजवळ जुळतात आणि शिकणाऱ्याला हायसे वाटते. आमच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॉट असे छापले आहे. त्यावरून अपेक्षित करंट १५०० ÷ २३० = ६.५२ अँपिअर आणि अपेक्षित रोध २३० ÷ ६.५२ = ३५.३ ओहम. प्लग काढलेला, बादलीत पाणी, अशा स्थितीत ओहममीटरवर वायरींचे ०.४ वजा जाता ३४.६ आले. म्हणजे रॉड जसा छापला तसाच होता, आणि वायरमनचा तर्क येथेच फिका पडला.

तरीही चालू स्थितीतली मोजणी हवीच होती. रॉड बंद असताना भिंतीतल्या सॉकेटवर २२९ व्होल्ट होते. शेजाऱ्यांचा जास्त व्होल्टेजचा तर्कही त्यामुळे बाद झाला. रॉड पाण्यात ठेवून, पाण्याची पातळी खुणेच्या वर आहे हे पाहून, मग बटण दाबले. टाँग टेस्टरवर ६.३ अँपिअर आले. भिंतीच्या त्याच बोर्डावरील शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये २२६ व्होल्ट, आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये २२१ व्होल्ट मिळाले.

या तीन व्होल्टेजांपैकी रॉडसाठी कोणते घ्यायचे, हा खरा प्रश्न. २२९ हे करंट वाहत नसतानाचे आहे, म्हणून ते नाही. २२६ भिंतीवरचे आहे, रॉडपर्यंत पोचताना त्यातले काही वाटेत खर्च झाले, म्हणून तेही नाही. २२१ हे रॉडच्या सर्वात जवळचे. २२१ ÷ ६.३ = ३५.१ ओहम, आणि २२१ × ६.३ = १३९२ वॉट. (काटेकोरपणे पाहिले तर यात रॉडच्या स्वतःच्या दोरीचा आणि प्लगचा अंशही आला आहे, तो येथे सोडून देता येतो.) १५०० च्या जागी १३९२ का, तर व्होल्टेज २३० च्या जागी २२१ आहे म्हणून. रोध कायम असेल तर वॉट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात: व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले की वॉट एकोणीस टक्क्यांनी उतरतात. संध्याकाळी गावाकडे १८० व्होल्ट मिळत असतील तर हाच १५०० वॉटचा रॉड १८० × १८० ÷ ३५.३, म्हणजे सुमारे ९१८ वॉटचा होतो. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.५८ युनिट ऊर्जा लागते (एक युनिट म्हणजे १००० वॉट तासभर). ती पूर्ण व्होल्टेजवर २३ मिनिटांत मिळते आणि १८० व्होल्टवर जवळपास ३८ मिनिटांत. युनिट तेवढेच जळतात, वेळ तेवढा वाढतो.

भार नसतानाचे आणि भार असतानाचे व्होल्टेज वेगळे असते, ही अडचण जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२० च्या दशकात प्रयोग केले तेव्हाच्या रासायनिक बॅटऱ्यांचे व्होल्टेज करंट वाहू लागताच खाली येत असे आणि आकडे हुलकावणी देत. त्यांनी बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याची तापविद्युत जोडी वापरली, जिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले जाई. तिचे व्होल्टेज स्थिर राहिले आणि वरच्या पहिल्या सूत्रामागचा नियम हाती आला. तो १८२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

वाटेत गेलेले पाच व्होल्ट

आता चटका देणारा प्लग. भिंतीवर २२६ आणि बोर्डावर २२१, म्हणजे मधल्या वाटेत ५ व्होल्ट गेले. त्या वाटेचा रोध ५ ÷ ६.३ = ०.७९ ओहम, आणि त्या वाटेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती ५ × ६.३ = ३१.५ वॉट. या वाटेत तीन गोष्टी आहेत: बोर्डाचा प्लग भिंतीतल्या सॉकेटला जेथे टेकतो ती जागा, दोरी, आणि आतले स्क्रू.

दोरी किती खाते हे तिच्या जाडीवरून काढता येते. प्लग उघडून मी तारा मोजल्या तर एका वायरीत ०.२ मिलिमीटरच्या सोळा तारा निघाल्या, म्हणजे ०.५ चौरस मिलिमीटर तांबे. अशा लवचीक वायरीचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ३९ ओहमपर्यंत असतो. दोरी पाच मीटरची होती, परंतु करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दहा मीटर धरायची. हा दुपटीचा भाग विसरणे ही फार नेहमीची चूक आहे. ३९ × १० ÷ १००० = ०.३९ ओहम. ६.३ × ६.३ × ०.३९ = १५.५ वॉट. हे १५.५ वॉट पाच मीटर दोरीत पसरलेले असल्याने दोरी नुसती कोमट लागे.

उरलेले ०.७९ वजा ०.३९, म्हणजे ०.४० ओहम, प्लगच्या पिना आणि स्क्रू यांच्यात होते. त्यांत सुमारे १६ वॉट. वॉट दोरीइतकेच, पण ते दोन पिनांच्या टेकण्याच्या ठिपक्यांवर एकवटलेले. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि त्याने कथील वितळते, हे ध्यानात घेतले की प्लास्टिक तपकिरी का झाले ते समजते. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल पडल्या होत्या. सैल सांधा तापतो, तापल्याने पितळेचा ताण जातो आणि त्यावर काजळी धरते, त्यामुळे रोध आणखी वाढतो आणि तो आणखी तापतो. असा सांधा आपोआप सुधारत नाही.

म्हणजे दुकानदार अर्धा बरोबर होता. बोर्डाची दोरी बारीक होतीच, पण दुसरा अर्धा दोष भिंतीतल्या सॉकेटचा होता आणि त्याचे नाव कोणीच घेतले नव्हते. नुसता बोर्ड बदलला असता तर नवा प्लगही त्याच सैल पट्ट्यांमध्ये तापला असता. मुळात ते सॉकेट ६ अँपिअरचे, आणि रॉडचा करंट त्याच्या वर. तेथे मेन बंद करून १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले आणि १.५ चौरस मिलिमीटर वायरीचा बोर्ड आणला. नंतरची मोजणी अशी: भिंतीवर २२६, बोर्डावर २२५, करंट ६.४. रॉडला मिळणारे वॉट १४४० झाले आणि प्लग गार राहू लागला.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. पुरवठ्याचे व्होल्टेज आपल्यामुळे नव्हे तर शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळेही दोन-चार व्होल्टने हलते. म्हणून पाच व्होल्टचा फरक एकाच मोजणीवरून खरा मानू नये; भिंत, बोर्ड, पुन्हा भिंत, पुन्हा बोर्ड अशा चार-पाच फेऱ्या घेऊन मधला आकडा धरावा. उत्तर लिहितानाही हात आवरावा. टाँग टेस्टरची चूक दोन-अडीच टक्के आणि व्होल्टमीटरची एक टक्का धरली तर ३५.०७९४ ओहम असे लिहिण्यात अर्थ नाही. ३५ पुरेसे आहेत.

वीजमीटरच्या लुकलुकीवरून ताळा

टाँग टेस्टर नसलेल्यांसाठी भिंतीवरचा वीजमीटर हेच एक चांगले वॉटमीटर आहे, आणि त्याचा कोणी उपयोग करत नाही याचे मला नवल वाटते. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी हे शेजारी छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातले बाकी सर्व बंद करून, फ्रिजचा प्लग काढून, फक्त रॉड लावा आणि वीस लुकलुकींना लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणून सुरुवात करायची, ‘एक’ म्हणून नव्हे.

वॉट = लुकलुकी × ३६,००,००० ÷ (छापलेला आकडा × सेकंद)

वीस लुकलुकी आणि ३२०० असतील तर हे सूत्र २२,५०० ÷ सेकंद इतके सोपे होते. जुन्या बोर्डावर रॉड असताना मला १५.७ सेकंद लागले, म्हणजे १४३३ वॉट. रॉडला १३९२ पोचत होते. वरचे चाळीसेक वॉट बोर्डाच्या वाटेत आणि घरातल्या वायरिंगमध्ये जात होते आणि त्यांचे बिल आम्हीच भरत होतो. बोट दाबण्यात दोन दशांश सेकंदांची चूक झाली तरी उत्तर अठरा वॉटने हलते, तेव्हा चाळीस वॉटच्या फरकासाठी हे माप काठावरचेच आहे. शंभर लुकलुकी मोजल्या तर ते बरेच नेमके होते.

जेथे साधा गुणाकार चुकतो

रॉड, इस्त्री, गीझर, जुना पिवळा बल्ब यांच्यापुरता व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हा हिशेब एसीवरही बरोबर येतो. मोटार आली की तो चुकतो. मोटारीच्या कॉइलमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि त्यातला काही भाग प्रत्यक्ष काम न करता नुसता ये-जा करतो. टाँग टेस्टर तो सगळाच मोजतो. म्हणून मोटारीसाठी वॉट = व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर असे लिहावे लागते.

पॉवर फॅक्टर मोजायला वेगळे उपकरण लागते असे समजले जाते, पण वरची लुकलुकीची रीत येथेही चालते. टाकीवर पाणी चढवणाऱ्या एका सिंगल फेज पंपावर मी २३० व्होल्ट आणि ७.५ अँपिअर मोजले. गुणाकार १७२५ येतो, आणि त्याला वॉट न म्हणता व्होल्ट-अँपिअर म्हणायचे. मीटरच्या वीस लुकलुकींना १६.८ सेकंद लागले, म्हणजे खरे वॉट १३३९. १३३९ ÷ १७२५ = ०.७८ हा पॉवर फॅक्टर. घरगुती बिल युनिटवर येते आणि युनिट खऱ्या वॉटचे, म्हणून बिलाचा अंदाज १३३९ वरून करायचा. वायर आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे बटण) मात्र ७.५ अँपिअरसाठी निवडायची, कारण वायर तापते ती सगळ्या करंटने.

या पंपाचा ‘रोध’ २३० ÷ ७.५ = ३०.७ ओहम असे लिहिणे चूक आहे. ओहममीटरने त्याच्या कॉइलचा रोध मोजला तर तो यापेक्षा पुष्कळ कमी येतो, आणि तो मोजून पंपाचे वॉट काढता येत नाहीत. एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर यांची गोष्ट आणखी निराळी: व्होल्टेज कमी झाले की यांपैकी पुष्कळ उपकरणे आपले वॉट राखण्यासाठी करंट वाढवतात, रॉडच्या अगदी उलट. अशा वस्तूंसाठी एकच ठरलेला रोध नसतोच.

विहिरीपर्यंतची केबल

शेतावर हे गणित खऱ्या अर्थाने कामाला येते. समजा मीटरच्या पेटीपासून विहीर १२० मीटरवर आहे, पंप सिंगल फेज असून चालताना १० अँपिअर घेतो, आणि केबल तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची आहे. अशा लवचीक केबलीचा रोध किलोमीटरमागे ७.९८ ओहमपर्यंत, जाऊन-येऊन लांबी २४० मीटर, म्हणून रोध १.९२ ओहम. १० अँपिअरला १९ व्होल्ट वाटेत जातात आणि १९२ वॉट जमीन तापवतात. पेटीत २१५ व्होल्ट असतील तर पंपाला १९६ मिळतात.

चालताना हे कसेबसे निभते. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट मागते, आणि ५० अँपिअर धरले तर साध्या गुणाकाराने वाटेतली घट ९६ व्होल्ट होते. (पॉवर फॅक्टरमुळे आणि घटीमुळे करंटही उतरत असल्याने प्रत्यक्ष घट याहून कमी राहते, हा आकडा वरची मर्यादा म्हणून वाचावा.) पंप घुमतो पण फिरत नाही, आणि शेतकरी कपॅसिटर बदलत राहतो. त्याच जागी ६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर किलोमीटरमागे ३.३ ओहम, एकूण ०.७९, चालताना घट ८ व्होल्ट आणि सुरुवातीला ४० च्या आत.

जमिनीत आधीच पुरलेली केबल नक्की किती जाडीची आहे हे कोणालाच आठवत नसेल, किंवा मध्ये कोठे जोड दिला आहे अशी शंका असेल, तर तिचा रोध मोजावा. मल्टिमीटरची ओहमची खूण दोन ओहमच्या आसपास भरवशाची नसते. टोकांची पकड बदलली की आकडा बदलतो. त्याऐवजी १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्यावा. मेन बंद करून, फ्यूज काढून, केबल पेटीपासून आणि पंपापासून दोन्हीकडे सोडवावी. विहिरीकडच्या टोकाला दोन वायरी घट्ट पिळून एकत्र जोडाव्यात. पेटीकडच्या टोकाला बॅटरी, बल्ब, डीसी करंट मोजणारा मीटर आणि केबल अशी साखळी करावी. बल्ब येथे करंटला लगाम घालण्यासाठी आहे. दुसऱ्या मीटरने केबलीच्याच दोन वायरींवर, बॅटरीच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला, तांब्यावर टोके टेकवून व्होल्टेज मोजावे. अशाने चिमट्यांचा आणि मीटरच्या वायरींचा रोध हिशेबात येत नाही.

एका शेतावर थंडीतल्या सकाळी बल्ब मंद पेटलेला असताना ६.२ व्होल्ट आणि ३.२ अँपिअर आले. ६.२ ÷ ३.२ = १.९४ ओहम, केबल २.५ चौरस मिलिमीटरचीच असून मधला जोड चांगला आहे, असा त्याचा अर्थ. आकडा अडीच-तीन ओहम आला असता तर जोड उकरून पाहावा लागला असता. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे सकाळी वीसेक अंशांना १.९४ ओहम भरलेली हीच केबल मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर ४५ अंशांना तापली की २.१३ ओहमची होते, आणि नवी केबल घेताना घट त्या आकड्यावरून काढावी.